एका स्टुडिओत एकच घड्याळ : होम स्टुडिओतलं क्लॉकिंग आणि जिटर

एका अभंगाचं रेकॉर्डिंग घरी केलं होतं. गायिका, पेटी, पखवाज, टाळ. माझ्या इंटरफेसला, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याला, माइकच्या जागा कमी पडत होत्या, म्हणून आठ माइकचा एक प्रीअँप, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारा डबा, उसना आणला आणि ऑप्टिकल केबलने जोडला. संध्याकाळभर सगळं छान चाललं. रात्री मिक्सला बसलो, हेडफोन लावले, आणि सुरुवातीच्या आलापात, जिथे फक्त तानपुरा आणि आवाज आहे तिथे, टक् असा बारीक आवाज आला. दोनेक सेकंदांनी पुन्हा टक्. केबल बदलली, प्लगइन काढले, बफर, म्हणजे कॉम्प्युटरचा आवाजाचा तात्पुरता साठा, वाढवला. टकटक तशीच, कारण ती फाइलमध्येच उतरली होती. शेवटी टॉर्च घेऊन प्रीअँपच्या मागे पाहिलं. तिथला छोटा स्विच ‘इंटर्नल’वर, म्हणजे स्वतःच्याच घड्याळावर, होता. दोन डबे, दोन घड्याळं, आणि दोघंही आपापल्या लयीत. गायिका पुन्हा आल्या, पुन्हा गायल्या, पण पहिल्या दिवशी लागलेला तो आलाप परत मिळाला नाही.

तेव्हापासून घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला मी हे कळकळीने सांगतो. क्लॉकचा विषय निघाला की लोक जिटरवर, म्हणजे घड्याळाच्या बारीक थरथरीवर, बोलतात, सगळ्या यंत्रांना लय पुरवणाऱ्या महागड्या मास्टर क्लॉकच्या किमती विचारतात. घरच्या स्टुडिओतली रेकॉर्डिंगं मात्र जिटरमुळे खराब होत नाहीत. ती खराब होतात दोन घड्याळं एकमेकांशी न जुळल्यामुळे, आणि तो दोष फुकटात दुरुस्त होतो.

तीन वेगळे दोष

डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये आवाजाच्या लहरीची उंची ठरावीक अंतराने मोजली जाते. ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ४८,००० वेळा, म्हणजे दर २०.८३ मायक्रोसेकंदांनी एकदा. अशी प्रत्येक मोजणी म्हणजे एक सॅम्पल. ‘आता मोज’ हे सांगणारं क्लॉक म्हणजे क्वार्ट्झचा एक स्फटिक आणि त्याच्याभोवतीचं सर्किट. त्याला तबल्याचा ठेका समजा.

पहिला दोष : ठेका एका लयीत वाजतोय आणि गाणं दुसऱ्या लयीत चाललंय. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ वर वाजली की ती सुमारे नऊ टक्के वेगाने पळते आणि सूर जवळजवळ दीड स्वर-अंतराने, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीने, वर चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन बसतं. पेटीवर ते सापडतच नाही. हा दोष कानाला लगेच कळतो, म्हणून तो त्यातल्या त्यात बरा.

दुसरा दोष : दोन तबलजी, दोघंही तयारीचे, पण वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकच ठेका धरून आहेत. पहिल्या आवर्तनात फरक कळणार नाही. पंधरा मिनिटांनी समा जुळणार नाहीत. स्फटिकांचंही असंच होतं. ‘४४.१’ असं लिहिलेल्या दोन यंत्रांत दहा लाखांत दहा भागांचा फरक असणं अगदी नेहमीचं आहे. ४४,१०० ला हा फरक सेकंदाला ०.४४ सॅम्पल होतो, म्हणजे साधारण सव्वादोन सेकंदांनी एक सॅम्पल जास्त येतं किंवा कमी पडतं. ते टाकावं लागतं किंवा दोनदा घ्यावं लागतं. माझी टक् हीच होती.

तिसरा दोष जिटर : लय सरासरीने अचूक, पण एखादी मात्रा केसभर आधी, एखादी केसभर नंतर. ही क्लॉकची थरथर. तिच्याकडे शेवटी येऊ, कारण आधीचे दोन दोष निस्तरल्याशिवाय तिचा विचार करण्यात अर्थ नाही.

पायरी १ : कागद घ्या

स्टुडिओतली जी जी यंत्रं डिजिटल केबलने जोडली आहेत, ती चौकोनांत काढा. अ‍ॅनालॉग तारा सोडून द्या; साध्या जॅकच्या किंवा माइकच्या केबलमधून जाणाऱ्या आवाजाला क्लॉकशी देणंघेणं नाही. यूएसबीने कॉम्प्युटरला जोडलेला एकच इंटरफेस असेल आणि बाकी काहीच डिजिटल नसेल, तर चौकोन एकच. क्लॉक सोर्स ‘इंटर्नल’ ठेवा, पायरी २ करा आणि गायला बसा. तुम्हाला मास्टर क्लॉक नको, वर्ड क्लॉकची (नुसती लय वाहून नेणारी) केबल नको, काही नको. हल्लीचे बहुतेक इंटरफेस यूएसबीवर असिंक्रोनस पद्धतीने चालतात, म्हणजे इंटरफेसचं घड्याळ मुख्य आणि कॉम्प्युटर त्याच्या मागणीप्रमाणे डेटा पुरवतो. कॉम्प्युटरचं घड्याळ कसंही असलं तरी आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या तुमच्या कन्व्हर्टरपर्यंत ते येत नाही.

दोन किंवा जास्त चौकोन निघाले तर पुढे वाचा.

पायरी २ : एक सॅम्पल रेट ठरवा आणि सगळीकडे तोच लावा

व्हिडिओसाठी काम असेल तर ४८. नुसतं गाणं असेल तर ४४.१ किंवा ४८, दोन्ही चालतात. ४४.१ हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे हिशोब आहे. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. चित्राच्या दर ओळीत तीन सॅम्पल बसत. सेकंदाला ६० फील्डच्या, म्हणजे अर्ध्या चित्रांच्या, पद्धतीत ३ × २४५ ओळी × ६० आणि आपल्याकडच्या ५० फील्डच्या पद्धतीत ३ × २९४ × ५०, दोन्हीचं उत्तर ४४,१०० येतं. पुढे सीडीने तोच आकडा घेतला.

रेट चार ठिकाणी तपासा : प्रोजेक्टमध्ये, इंटरफेसच्या कंट्रोल पॅनलमध्ये, बाहेरच्या प्रीअँपवर आणि कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमध्ये. चौथं ठिकाण लोक विसरतात. रेकॉर्डिंग चालू असताना ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ लावला आणि इंटरफेसचा रेट गुपचूप बदलला, हे मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलंय. सेशनच्या वेळी ब्राउझर बंद ठेवा.

पायरी ३ : मास्टर एकच, बाकीच्यांनी त्याच्या मागून चालायचं

दिंडीत विणेकरी एकच असतो, बाकी सगळे त्याच्या पायाने चालतात. तसंच इथेही.

साधी मांडणी अशी. इंटरफेस ‘इंटर्नल’वर, म्हणजे तो मास्टर. त्याच्या ऑप्टिकल आउटमधून एक केबल प्रीअँपच्या ऑप्टिकल इनला. प्रीअँपच्या ऑप्टिकल आउटमधून दुसरी केबल इंटरफेसच्या इनला. प्रीअँपचा सिंक स्विच ‘एडीएटी’वर, म्हणजे ऑप्टिकल केबलमधून येणाऱ्या घड्याळावर. दुसरी केबल आवाज आणते, पहिली प्रीअँपला घड्याळ पुरवते. पुष्कळ जण पहिली केबल लावतच नाहीत, कारण ‘मला प्रीअँपकडे आवाज पाठवायचाच नाही’. आवाज पाठवायचा नसला तरी घड्याळ पाठवायचंय.

काही छोट्या इंटरफेसला ऑप्टिकल इन असतो, पण आउट नसतो. तिथे उलटं करा : प्रीअँप ‘इंटर्नल’वर ठेवून त्याचा रेट ठरवा आणि इंटरफेसच्या क्लॉक सोर्समध्ये ‘एडीएटी’ निवडा. यात गैर काही नाही. फक्त प्रीअँप बंद असताना इंटरफेस घड्याळ हरवून बसतो, म्हणून आधी प्रीअँप चालू करायची सवय ठेवा. डिजिटल आउट असलेल्या काही गिटार प्रोसेसरना बाहेरचं घड्याळ घेताच येत नाही. त्यांच्याशी डिजिटल जोडणी करायची तर मास्टर त्यांनाच करावं लागतं. नाहीतर सरळ अ‍ॅनालॉग केबल लावा. मी तेच करतो.

ऑप्टिकल जोडणीत आणखी तीन गोष्टी अडवतात. एक, त्याच खाचेतून दोन वेगळ्या भाषा जातात, आठ चॅनेलची एडीएटी आणि दोन चॅनेलची एसपीडीआयएफ. कंट्रोल पॅनलमध्ये योग्य ती निवडावी लागते. दोन, रेट ८८.२ किंवा ९६ केला की एडीएटीचे आठ चॅनेल चार होतात, आणि स्वस्तातले बरेच प्रीअँप ४८ च्या वर जातच नाहीत. तीन, केबलच्या टोकावरची पारदर्शक टोपी. ती काढायची राहते आणि अर्धा तास शोधाशोध होते.

पायरी ४ : ‘लॉक’ आणि ‘सिंक’ यांतला फरक

दिवा लागला म्हणजे झालं असं धरू नका. लॉक म्हणजे येणारा सिग्नल वाचता येतोय. सिंक म्हणजे तो माझ्याच घड्याळावर चाललाय. काही कंपन्यांच्या पॅनलमध्ये, उदाहरणार्थ आरएमईच्या, हे दोन शब्द वेगळे दिसतात. बऱ्याच यंत्रांवर एकच हिरवा दिवा असतो. त्या अभंगाच्या वेळी तो दिवा हिरवाच होता. सिग्नल उत्तम वाचला जात होता, फक्त दुसऱ्याच्या लयीत होता.

म्हणून पाचवी पायरी कधीही गाळू नका.

पायरी ५ : दहा मिनिटांची चाचणी

मॉनिटर स्पीकर बंद करा. ऑडॅसिटीत किंवा तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ५ किलोहर्ट्झचा शुद्ध साइन टोन तयार करा, पातळी उणे १२ डेसिबल. तो इंटरफेसच्या लाइन आउटमधून साध्या केबलने प्रीअँपच्या लाइन इनमध्ये द्या आणि ऑप्टिकलवरून परत आलेला आवाज दहा मिनिटं रेकॉर्ड करा.

५ किलोहर्ट्झच का? एक सॅम्पल गळलं की लहर एकदम पुढे उडी मारते. १०० हर्ट्झच्या टोनमध्ये ती उडी एक अंशाहूनही कमी असते, काही कळत नाही. १ किलोहर्ट्झला ४८ च्या रेटवर साडेसात अंश. ५ किलोहर्ट्झला साडेसदतीस अंश, आणि ही उडी लपत नाही. याच कारणाने पखवाजाच्या धुमेच्या अंगावर दोष झाकला जातो आणि आलापात उघडा पडतो. गजरात टाळ वाजत असताना शंभर वेळा टक् झालं तरी कुणाला पत्ता लागत नाही.

आता रेकॉर्ड झालेला ट्रॅक स्पेक्ट्रोग्रामच्या, म्हणजे कोणत्या क्षणी कोणते स्वर आहेत ते दाखवणाऱ्या चित्राच्या, रूपात पाहा. सगळं जुळलेलं असेल तर काळ्या पडद्यावर एक बारीक, आडवी, अखंड रेघ दिसते. घड्याळं जुळलेली नसतील तर त्या रेघेला ठरावीक अंतराने उभे काटे फुटलेले दिसतात, बाभळीच्या फांदीसारखे. एकदा हे चित्र डोळ्यांत बसलं की पुन्हा शंका राहत नाही. मग मुद्दाम प्रीअँपचा स्विच ‘इंटर्नल’वर करून दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि काटे कसे येतात तेही पाहून ठेवा. चाचणी खरंच काही पकडते की नाही, याची खात्री त्याने होते.

काटे आले पण अंतर वेडंवाकडं आहे, तर संशय बफरवर. बफर १२८ वरून १०२४ वर नेऊन पुन्हा पाहा. टकटक कमी झाली किंवा गेली, तर दोष कॉम्प्युटरच्या वेगाचा : वाय-फाय बंद करा, पॉवर सेटिंग तपासा, विंडोजवर लेटन्सीमॉन चालवून कोणता ड्रायव्हर अडवतोय ते शोधा. बफर कितीही बदलला तरी अंतर तेच राहिलं, तर दोष घड्याळाचा.

यूएसबी माइक आणि इंटरफेस एकत्र वापरायचे असतील

यूएसबी माइकच्या पोटात स्वतःचं घड्याळ असतं आणि त्याला बाहेरचं घड्याळ द्यायची सोय सहसा नसते. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस तयार करा, क्लॉक सोर्स म्हणून मुख्य इंटरफेस निवडा आणि दुसऱ्या यंत्रासमोर ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची खूण करा. मग मॅक त्या दुसऱ्या यंत्राचा आवाज सतत नव्याने सॅम्पल करून जुळवत राहतो. ही तडजोड आहे, पण चांगली आहे. दोन्ही इंटरफेस ऑप्टिकलने आधीच एका घड्याळावर असतील तर ती खूण करू नका, गरज नाही. विंडोजवर दोन यंत्रं एका ड्रायव्हरखाली आणणारे उपाय मिळतात. पण ड्रायव्हर एक झाला म्हणून घड्याळं एक होत नाहीत. तिथे माझा सल्ला साधा आहे : यूएसबी माइक बाजूला ठेवा आणि इंटरफेसलाच दुसरा माइक लावा.

पायरी ६ : वर्ड क्लॉक लागलाच तर

तीन किंवा अधिक यंत्रं असतील आणि त्यांना वर्ड क्लॉकची बीएनसी खाच असेल, तर ही पद्धत नीटस. केबल ७५ ओहमचीच हवी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सीसीटीव्हीच्या दुकानांत आरजी-५९ तार आणि बीएनसी कनेक्टर सहज मिळतात; ती ७५ ओहमची असते. जुन्या नेटवर्किंगची आरजी-५८ दिसायला तशीच, पण ५० ओहमची, ती घेऊ नका. तारेवर छापलेलं वाचूनच पैसे द्या. कोअक्स एसपीडीआयएफलाही ७५ ओहमच लागतं, त्यामुळे जुन्या व्हिडिओच्या पिवळ्या पिनची चांगली केबल तिथे उत्तम चालते. पांढरी-लाल ऑडिओची नको.

साखळीत जोडत असाल तर मधल्या यंत्रांना टी-कनेक्टर लावा आणि ७५ ओहमचं टर्मिनेशन फक्त शेवटच्या यंत्रावर. कुठेच नसेल तर सिग्नल तारेच्या टोकावर आपटून परत येतो आणि घड्याळाची कड बिघडते. दोन ठिकाणी झालं तर सिग्नलची उंची घटते. काही यंत्रांत टर्मिनेशन आतच कायमचं असतं, काहींना मागे स्विच असतो. मॅन्युअल पाहणं इथे भाग आहे.

आता जिटर

जिटर नॅनोसेकंदांत किंवा त्याहून लहान पिकोसेकंदांत मोजतात. एका नॅनोसेकंदात प्रकाश साधारण ३० सेंटिमीटर जातो, शाळेतल्या फूटपट्टीएवढा. एवढ्या थरथरीने काय होतं? स्वर जितका उंच, तितकी लहर वेगाने चढते-उतरते आणि वेळेतली तीच चूक लहरीच्या उंचीत मोठी चूक करते. क्लॉकमध्ये १ नॅनोसेकंद जिटर असेल तर २० किलोहर्ट्झच्या पूर्ण पातळीच्या टोनला त्याचा गोंगाट सुमारे ७८ डेसिबल खाली असतो. १ किलोहर्ट्झला तोच १०४ डेसिबल खाली जातो. जिटर १०० पिकोसेकंद असेल तर २० किलोहर्ट्झलाही ९८ डेसिबल खाली, म्हणजे १६ बिटच्या (सीडीच्या) सैद्धांतिक मर्यादेएवढा. घरातल्या पंख्याचा, रस्त्यावरच्या रिक्षाचा आवाज याच्या कितीतरी वर असतो. २००५ साली जपानी संशोधकांनी तयार कानाच्या श्रोत्यांवर केलेल्या चाचण्यांत संगीतातला यादृच्छिक जिटर ओळखू येण्याची पातळी काहीशे नॅनोसेकंद निघाली. तुमच्या इंटरफेसचा जिटर त्याच्या जवळपासही नसतो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण गैरसमज इथेच होतात. जिटर फक्त दोन ठिकाणी आवाजात शिरतो : अ‍ॅनालॉगचा डिजिटल होताना आणि डिजिटलचा अ‍ॅनालॉग होताना. मधल्या केबलमध्ये आकडे थोडे मागेपुढे पोहोचले तरी आकडे तेच राहतात. फाइल कॉपी करताना, निर्यात करताना, क्लाउडवर चढवताना जिटर वाढत नाही. ऐकतानाचा जिटर फाइलमध्ये उतरत नाही, चांगल्या कन्व्हर्टरवर ऐकलं की तो गेला. पण रेकॉर्डिंगच्या क्षणी माइकच्या कन्व्हर्टरमध्ये जो शिरला, तो फाइलमध्ये कायमचा राहतो.

यातून एकच व्यवहारी निर्णय निघतो. कन्व्हर्टर आपल्याच स्फटिकावर, म्हणजे इंटर्नलवर, साधारणपणे सर्वांत शांत चालतो. बाहेरचं घड्याळ घेताना त्याला पीएलएल नावाच्या सर्किटने बाहेरून येणाऱ्या लयीशी जुळवून घ्यावं लागतं आणि येणाऱ्या थरथरीतला थोडा भाग आत येऊ शकतो. म्हणून मुख्य गायकाचा माइक ज्या डब्यात जातो, शक्यतो त्यालाच मास्टर करा. आणि बाहेरचं महाग क्लॉक आणून लावल्यावर एकाच इंटरफेसचा आवाज ‘उघडतो’ असं कुणी सांगत असेल, तर त्या पैशांत जाड गाद्या, पडदे आणि रॉकवूलची पॅनेल घ्या. खोलीचा घुमारा कमी झालेला पहिल्याच टेकला ऐकू येईल. अनेक यंत्रं एका लयीत चालवायला मास्टर क्लॉक उपयोगी पडतं, तेच त्याचं काम.

मैफलीचं चित्रण असेल तर

कॅमेरा आणि रेकॉर्डर यांना तारेने जोडता येत नाही, तेव्हा सरकणं गृहीत धरूनच चाला. दहा लाखांत २० भाग फरक असेल तर दोन तासांच्या मैफलीत १४४ मिलिसेकंद होतात, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत साडेतीन फ्रेम. पहिल्या ख्यालात ओठ जुळतात आणि भैरवीत तबल्यावर बोट आधी पडतं, थाप नंतर ऐकू येते.

सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, संपल्यावर दुसरी. एडिटमध्ये पहिली टाळी जुळवा आणि दुसरीतला फरक मोजा. तेवढा ताण रेकॉर्डरच्या ट्रॅकला द्या, पण टाइम-स्ट्रेच (सूर तसाच ठेवून लांबी बदलणं) न वापरता, वेग आणि सूर एकत्र बदलणाऱ्या साध्या रीसॅम्पलिंगने. सुरातला फरक एका सेंटच्या (पेटीच्या एका पट्टीच्या शंभराव्या भागाच्या) विसाव्या भागाहूनही कमी येतो, कुणाच्याही कानाला कळणार नाही. टाइम-स्ट्रेच मात्र तानपुऱ्याच्या जवारीचा चुरा करतो. दुसरी टाळी वाजवायची राहून गेली असेल तर प्रत्येक बंदिशीनंतरच्या टाळ्यांच्या कडकडाटात ट्रॅक कापा आणि पुढच्या बंदिशीची पहिली सम चित्राशी नव्याने जुळवून घ्या.